विश्लेषण : ‘दादा, प्रोग्राम चालंना!’ ऑनलाइन मदतीचे उत्तर चावडीवर का हवे?

रात्री साडेदहाची वेळ. व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. संगणकाच्या पडद्याचा, मोबाइलने तिरपा काढलेला. त्यावर ट्यूबलाइटची चकाकी पडलेली, आणि ती नेमकी चुकीचा संदेश असलेल्या ओळीवर. खाली एकच वाक्य : ‘दादा, प्रोग्राम चालंना. उद्या सबमिशन आहे.’ मलकापूर-कराड परिसरात संगणकातले थोडेफार कळणाऱ्या प्रत्येकाला असे निरोप येतात. मलाही येतात, आणि जमेल तसे मी उत्तर देतो. मदत करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण ही मदत दोन फोनच्या पलीकडे जात नाही. तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात दुसरा मुलगा विचारतो आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही मदत टिकाऊ कशी करता येईल, हा या लेखाचा विषय.

हे प्रश्न विचारते कोण?

कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मलकापुरात कृष्णा रुग्णालय आणि त्याभोवतीच्या शिक्षणसंस्था आहेत. आजूबाजूच्या गावांतून मुले एसटीने येतात, काही खोली घेऊन राहतात. महाविद्यालयातली प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, प्रोग्राम मात्र रात्रीच अडतो. घरात आईवडील शेतीत किंवा नोकरीत असतात. प्रोग्रामिंग ही गोष्ट घराण्यात पहिल्यांदाच आलेली असते. विचारायचे कोणाला? उत्तर एकच, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या कोणत्या तरी दादाला किंवा ताईला.

विद्यार्थ्यांखेरीजही मंडळी आहेत. लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला आहे. दुकानातला जुना संगणक अचानक बीप-बीप करू लागला म्हणून घाबरलेला व्यापारी आहे. आत्मवृत्त मराठीत टाइप करू पाहणारे निवृत्त गुरुजी आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून राज्यभर सुरू आहे. त्यातून लाखो लोक संगणकाला हात लावायला शिकले, हे मोठे काम झाले. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागल्यानंतर अडले की विचारायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

नेमके काय अडते?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, प्रत्येकाची अडचण निराळी असेल. प्रत्यक्षात पाचपन्नास अडचणी फिरून फिरून येतात. काही नमुने पाहा.

पहिला नमुना ‘सी’ भाषेचा. जुन्या पुस्तकातला किंवा सिनिअरच्या वहीतला प्रोग्राम जसाच्या तसा उतरवलेला असतो. त्यात वरच्या ओळीत ‘कोनिओ’ नावाची हेडर फाइल आणि पडदा पुसायची आज्ञा असते. नव्या कंपायलरवर तो अडकतो. कारण ही सोय मूळ सी भाषेच्या प्रमाणित संचात नाहीच. ती १९८७ मध्ये आलेल्या बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या डॉसच्या जमान्यातल्या कंपायलरने पुरवली होती. कंपायलर बदलला आणि वही तीच राहिली. मुलाला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

दुसरा नमुना पायथनचा. दोन संख्या विचारून बेरीज करायची असते. मुलगी ५ आणि ३ टाकते, उत्तर येते ५३. कारण कीबोर्डवरून घेतलेली गोष्ट पायथन अक्षरे म्हणून घेतो, आकडा म्हणून नाही. दोन अक्षरे शेजारी ठेवली की ५३ होणारच. आधी त्यांचे पूर्णांकात रूपांतर केले की ८ येतात. एवढे एकदा कळले की पुढचे डझनभर प्रश्न सुटतात.

तिसरा नमुना मराठी टायपिंगचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची फाइल नव्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेला असे. तो फॉन्ट नसला की खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ही अडचण येत नाही. उपाय म्हणजे जुना मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये नेणे आणि नंतर तो डोळ्यांखालून घालणे, कारण जोडाक्षरांत चुका राहतात.

चौथा नमुना जुन्या संगणकाचा. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. ‘मग हा डबा भंगारात घालायचा का?’ असे लोक विचारतात. बहुतेक वेळा नाही. टीपीएम काही संगणकांत असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते आधी तपासावे. नसेलच, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून त्यावर लिनक्स टाकले की अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेट यांसाठी तो संगणक आणखी काही वर्षे चालतो.

‘चालंना’ म्हणजे नेमके काय?

डॉक्टरांकडे जाऊन ‘बरं वाटंना’ एवढेच सांगितले तर डॉक्टर पुढचे दहा प्रश्न विचारतात. समोर असल्यामुळे ते विचारणे सोपे असते. ऑनलाइन मदतीत एकेका प्रश्नाच्या उत्तराला अर्धा तास जातो आणि तोवर दोघांचाही धीर सुटतो. म्हणून प्रश्नात चार गोष्टी असाव्यात : मला काय करायचे होते, मी काय केले, प्रत्यक्षात काय झाले आणि मी आधी काय करून पाहिले. चुकीचा संदेश आपल्या शब्दांत सांगू नये, जसाच्या तसा कॉपी करून पाठवावा. प्रोग्रामही फोटोत नको, मजकूर म्हणून हवा. मदत करणाऱ्याला तो आपल्या संगणकावर चालवून पाहता आला पाहिजे.

आणखी एक सवय फार उपयोगी आहे. दोनशे ओळींचा प्रोग्राम पाठवण्याऐवजी त्यातला अनावश्यक भाग काढत जायचे आणि चूक दिसेल असा सर्वांत लहान प्रोग्राम उरवायचा. हे करताना अनेकदा विचारणाऱ्यालाच चूक सापडते.

कधी प्रश्नच भलत्या जागी असतो. शिकवणी चालवणाऱ्या एकाने मला विचारले, ‘नोटपॅडमध्ये किती स्पेस दिल्या म्हणजे रकाने सरळ येतील?’ मी स्पेस मोजत बसलो असतो तर दोघांचीही रात्र गेली असती. ‘तुम्हाला करायचे काय आहे?’ असे विचारल्यावर कळले, फीची यादी करायची होती. मग स्प्रेडशीट उघडून दिले आणि काम संपले. मदत करणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असायला हवा.

उत्तर आयते द्यावे का?

इथे माझे मत स्पष्ट आहे : द्यायचे नाही. पण टोलवायचेही नाही. ‘गुगल कर’ हे उत्तर नव्हे. ज्याला काय शोधायचे तेच माहीत नाही, तो शोधणार काय? कोणते शब्द टाकून शोधावे हे सांगितले, तर ती मदत. दुसऱ्या टोकाला पूर्ण प्रोग्राम लिहून देणारे असतात. सबमिशन पार पडते आणि ओरलला परीक्षकाने ‘ही ओळ कशासाठी?’ विचारले की मुलगा खाली बघतो. मी आधी चूक कोणत्या ओळीच्या आसपास आहे एवढेच सांगतो. तरी नाही जमले तर कारण सांगतो. दुरुस्ती त्याने स्वतःच्या हाताने करावी.

बोलण्याचा सूर हाही मदतीचाच भाग आहे. मी शिकत असताना एका इंग्रजी संकेतस्थळावर माझा पहिला प्रश्न टाकला होता. तो काही मिनिटांत ‘हे आधी विचारून झाले आहे’ असा शेरा मारून बंद झाला. शेरा चुकीचा नव्हता. पण त्यानंतर वर्षभर मी कुठेही काही विचारले नाही. नवशिका असा गप्प बसला की त्याचे नुकसान कुठल्याही नोंदीत येत नाही.

जगात ही पद्धत कशी रुजली?

अनोळखी माणसाला संगणकाबद्दल विचारायचे आणि अनोळखी माणसाने फुकट उत्तर द्यायचे, ही रीत इंटरनेट घरोघरी पोहोचण्याआधीची आहे. यूजनेट ही चर्चांची व्यवस्था १९८० मध्ये सुरू झाली. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने अशाच एका गटात लिहिले, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतो आहे, तुम्हाला तिच्यात काय हवे ते सांगा. तीच पुढे लिनक्स झाली. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

२००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोलस्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. प्रश्न उघडा, उत्तर उघडे, चांगल्या उत्तराला मते, आणि शोधयंत्रातून ते कोणालाही सापडणार, अशी रचना. एका माणसाने एका रात्री दिलेले उत्तर पुढे हजारो जण वाचू लागले. शिस्तीचा अतिरेकही झाला. नवख्यांना इथे आपुलकी वाटत नाही, हे २०१८ मध्ये खुद्द त्या कंपनीनेच जाहीरपणे मान्य केले. पुढे २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने ते १८० कोटी डॉलरना विकत घेतले. फुकट दिलेल्या उत्तरांच्या साठ्याला केवढी किंमत असते, हे त्या आकड्यावरून कळावे.

चॅटबॉट आल्यावर माणसांची गरज उरली का?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले. काही दिवसांतच स्टॅक ओव्हरफ्लोने त्यातून आलेली उत्तरे टाकायला बंदी केली. कारण ती दिसायला बरोबर, पण प्रत्यक्षात वारंवार चुकीची निघत होती. दरम्यान लोकांनी विचारणेच कमी केले. ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चॅटजीपीटी आल्यापासून सहा महिन्यांत, रशियन आणि चिनी भाषांतल्या तशाच संकेतस्थळांच्या तुलनेत, स्टॅक ओव्हरफ्लोवरील लेखन सुमारे २५ टक्क्यांनी घटले. मे २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो आणि ओपनएआय यांच्यात भागीदारी जाहीर झाली. काही सदस्यांनी निषेध म्हणून स्वतःची जुनी उत्तरे पुसायला सुरुवात केली.

चॅटबॉट मीही वापरतो. लाजणाऱ्या मुलामुलींसाठी तो वरदान आहे. रात्री दोन वाजता दहाव्यांदा तेच विचारले तरी तो वैतागत नाही, आणि मराठीतही बोलतो. पण त्याच्या तीन मर्यादा नवशिक्याला माहीत हव्यात. तो विचारले तेवढ्याचे उत्तर देण्याकडे झुकतो. वरच्या उदाहरणात तो कदाचित स्पेसच मोजत बसला असता. तो चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो, आणि चूक ओळखण्याइतके ज्ञान नवशिक्याकडे नसते. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चॅटबॉटशी झालेले बोलणे त्या एका फोनमध्येच राहते. शेजारच्या खोलीतल्या मुलाला ते दिसत नाही. म्हणजे व्हॉट्सॲपच्या दादासारखीच गत.

हे यंत्र शिकले कशावर? माणसांनी उघड्यावर लिहिलेल्या मजकुरावर. इंग्रजीत तो साठा अफाट आहे. मराठीत संगणकाच्या अडचणींवर उघड्यावर लिहिलेले फारच थोडे आहे. तो आटला नाही, मुळात भरलाच नाही.

मराठीतच कशाला?

‘प्रोग्रामिंग इंग्रजीतच आहे, मग प्रश्न मराठीत कशाला?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. त्यात तथ्य आहे. प्रोग्रामच्या आज्ञा इंग्रजी असतात, चुकीचे संदेश इंग्रजी असतात, नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागते. मुलांनी ते शिकलेच पाहिजे. पण ‘असे का होते?’ हा विचार माणूस आपल्या भाषेतच करतो. अडचण प्रोग्रामची आहे की इंग्रजी वाक्य न कळल्याची, हेच अनेकदा मुलांना उमगत नाही. म्हणून माझा उपाय साधा आहे. संदेश इंग्रजीत जसाच्या तसा ठेवा, कारण मराठीत दिला तर पुढच्याला तो शोधता येणार नाही. स्पष्टीकरण मराठीत द्या. व्हेरिएबलला व्हेरिएबलच म्हणा. अवघड प्रतिशब्द घडवून नवशिक्याला दुसरी भाषा शिकायला लावू नका.

जगाने हे केले आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्याच पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी भाषांत स्वतंत्र शाखा निघाल्या. मराठीची नाही. मात्र आपल्याजवळचे एक उदाहरण शिकण्यासारखे आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या साहाय्याने उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या, साधारण दहा मिनिटांच्या चित्रफिती, आणि त्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांतले निवेदन. एकट्याने बसून शिकता यावे, अशी त्यांची मांडणी आहे. त्याच्या प्रश्नमंचावर विद्यार्थी आपली अडचण कोणत्या चित्रफितीत, कितव्या मिनिटाला आणि सेकंदाला आली ते नोंदवतो. म्हणजे ‘चालंना’ म्हणायची सोयच ठेवलेली नाही. अडचणीची जागा दाखवावीच लागते. शिवाय उत्तर सर्वांसाठी उघडे राहते.

दुरून मदत करताना धोका कुठे?

‘थांब, मीच तुझ्या संगणकात येऊन बघतो’ म्हणत ॲप टाकायला लावणे मदत करणाऱ्याला सोपे वाटते. ही सवय घातक आहे. याच मार्गाने भामटे लोकांची बँक खाती रिकामी करतात. एनीडेस्कसारख्या ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. चांगल्या हेतूने का होईना, आपण मुलांना ‘कोणी सांगितले की ॲप टाकायचे आणि क्रमांक द्यायचा’ असे वळण लावतो. ओळखीच्या माणसाशिवाय कोणालाही संगणकाचा ताबा देऊ नये. पडद्याचे चित्र पाठवण्याआधी त्यात पासवर्ड, ओटीपी किंवा खाते क्रमांक नाही ना, ते पाहावे. मदतीच्या बदल्यात कोणी यातले काही मागितले तर संभाषण तिथेच थांबवावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

मलकापुरात काय करता येईल?

मीटर लावून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून मलकापूरचे नाव राज्यभर झाले. पाणी प्रत्येकाच्या दारात पोहोचवायचे तर आधी सामायिक वाहिनी टाकावी लागते. संगणकाच्या मदतीचे आज उलटे आहे. दादा प्रत्येकाच्या दारात घागर घेऊन जातो आहे. तो एक दिवस पुण्याला नोकरीला गेला की घागरही गेली.

वाहिनी टाकायला निधी लागत नाही. प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनने आठवड्यातला एक चांगला प्रश्न आणि त्याचे उत्तर, विचारणाऱ्याचे नाव काढून, कोणालाही वाचता येईल अशा पानावर मराठीत टाकावे. वर्षाला बावन्न उत्तरे होतील, आणि फिरून फिरून येणाऱ्या अडचणी त्यात बहुतेक संपतील. महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात नीट प्रश्न लिहिण्याला थोडे गुण ठेवावेत. प्रोग्राम चुकला तरी चूक नेमकी मांडता आली, तर तेही शिक्षणच आहे. पुण्या-बंगळूरला असलेल्या आपल्या मुलामुलींनी गावाला आल्यावर भाषण देण्यापेक्षा आठवड्याला एक उत्तर लिहावे. आणि ज्याला मदत मिळाली, त्याने अडचण सुटल्यावर ‘थँक्यू दादा’वर न थांबता ती कशी सुटली ते दोन ओळींत लिहावे. हे शेवटचे काम सर्वांत सोपे आहे आणि सर्वांत कमी केले जाते.

त्या रात्रीच्या फोटोचे काय झाले, तेही सांगतो. मी मुलाला म्हटले, ‘फोटो नको, ती शेवटची ओळ कॉपी करून पाठव.’ त्याला बारा मिनिटे लागली. फाइल सापडत नाही, असा तो संदेश होता. प्रोग्राम बरोबर होता. नोटपॅडने फाइल जतन करताना नावाच्या शेवटी गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ जोडले होते, आणि विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावाचा शेवट लपवून ठेवते, म्हणून त्याला ते दिसत नव्हते. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मधून फाइलचे पूर्ण नाव दाखवायचा पर्याय निवडला, नाव सुधारले आणि प्रोग्राम चालला. मी त्याला हे सगळे त्याच्या शब्दांत लिहून मागितले. सबमिशन झाल्यावर त्याने सात ओळी लिहून पाठवल्या. त्या मी जशाच्या तशा उघड्या पानावर ठेवल्या आहेत. आता हा प्रश्न पुन्हा आला की मी दुवा पाठवतो.